हरवलेले कार्ड आणि न हरवलेला हक्क

आपल्या ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी काही उपयुक्त लिहून द्यावे, अशी सूचना कार्यकारी मंडळाकडून आली, तेव्हा प्रथम शिक्षणावर लिहावे असे मनात होते. शिक्षकाकडून दुसरे काय अपेक्षावयाचे? परंतु विचार करता असे वाटले की, या ट्रस्टने ज्या मुलांना एकेकाळी वह्या-पुस्तके आणि फीचे पैसे दिले, त्यांतील कितीतरी मुले आज परदेशी स्थिरावली आहेत. आणि त्यांचे आईवडील वर्षातील काही महिने तिकडे व काही महिने इकडे, असे दोन घरांत विभागून राहत आहेत. या वडीलधाऱ्या मंडळींना ज्या कागदाच्या आधारे समुद्रापलीकडे जाता येते, तो कागदच हरवला किंवा त्याची मुदत संपली तर काय करावे, याची नीट माहिती आपल्याकडे फारच थोड्यांना आहे. म्हणून प्रस्तुत लेखाचा हा विषय.

बडोद्याहून अमेरिकेस जाण्याची वाट तशी जुनीच. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, हे आपण सारे जाणतोच. त्या काळी प्रवासास आजच्या इतके कागद लागत नसत. हिंदुस्थानात पारपत्राचा कायदाच मुळी १९२० साली झाला. हिंदी माणसास अमेरिकेत कायम वास्तव्यासाठी जाण्याची वाट मात्र अरुंद होती. १९४६च्या कायद्याने ती वर्षाला अवघ्या शंभर माणसांपुरती उघडली, आणि १९६५च्या कायद्याने देशवार ठरवून दिलेला जुना कोटा गेल्यावर ती खऱ्या अर्थाने रुंद झाली. आज आपल्या मंडळींच्या पाकिटात दिसते ते ‘ग्रीन कार्ड’ या वाटेवरचे.

आता एक घडलेली हकीकत सांगतो. आमच्या शेजारच्या एक काकू. वय सत्तरीच्या पुढे. मुलगा न्यू जर्सीत नोकरीस. त्याच्याकडे त्या सहा वर्षे कायम रहिवासी म्हणून राहत होत्या. २०२३च्या जानेवारीअखेर धाकट्या भावाच्या आजारपणासाठी त्या इकडे आल्या. आजार लांबला, त्यांचे परतणेही लांबले. नोव्हेंबरात मुंबईहून परत येताना गाडीत त्यांची पर्स गेली. पासपोर्ट सुदैवाने घरी कपाटात होता. परंतु ग्रीन कार्ड पर्समध्ये होते, ते गेले.

काकू आमच्याकडे आल्या त्या आधी दोन ठिकाणी जाऊन. प्रवासाची तिकिटे काढून देणाऱ्या एका गृहस्थांनी त्यांस सांगितले, “कार्ड गेले म्हणजे सारे गेले, आता पाहुण्यांचा व्हिसा मागा.” दुसऱ्या एका ओळखीच्याने सांगितले, “घाई कशाची? कार्ड तुमच्या नावाचे आहे, कधीही गेलात तरी चालेल.” काकू ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, एक म्हणतो सगळं संपलं, दुसरा म्हणतो काही बिघडलं नाही. खरं काय ते तुम्ही बघा बाई.”

खरे पाहता दोन्ही सल्ले चूक होते, आणि दुसरा तर पहिल्याहून घातक होता. ते कसे, हेच या लेखात सांगावयाचे आहे.

हक्क निराळा, पुरावा निराळा

प्रथम मूळ गोष्ट ध्यानी घ्यावी. अमेरिकेत कायम राहण्याचा हक्क कायद्याने मिळतो. ग्रीन कार्ड हा त्या हक्काचा पुरावा होय. शाळा सोडल्याचा दाखला हरवला म्हणून मुलगा नापास होत नाही. शाळेच्या रजिस्टरात त्याचे नाव असतेच. तद्वतच कार्डाचे. प्रत्येक रहिवाशास ‘ए’ अक्षराने सुरू होणारा एक नोंदणी क्रमांक दिलेला असतो, आणि त्या क्रमांकाखाली त्याची फाईल सरकारदप्तरी असते. कार्ड चोरीस गेले, भिजले, फाटले, तरी फाईल जागच्या जागी राहते. दहा वर्षांच्या कार्डाची मुदत संपली तरीही हक्क संपत नाही. नवे कार्ड घेण्याची वेळ झाली इतकाच त्याचा अर्थ.

मग विमानतळावर अडवितात ते का? याचे कारण समजून घेतले म्हणजे त्या खिडकीवरील माणसाचा राग येत नाही. योग्य कागद नसलेला प्रवासी अमेरिकेत नेऊन उतरविला तर त्या देशाच्या कायद्याप्रमाणे विमान कंपनीस दंड होतो. खिडकीवरील कारकुनास आपली फाईल दिसत नाही, आपला हक्क तपासण्याचा अधिकारही त्यास नाही. त्याला फक्त कागद दिसतो. म्हणजे अडचण हक्काची नसून विमानात पाऊल ठेवण्याची आहे, आणि तिच्यावरील उपायही तेवढाच आहे.

परंतु या नाण्यास दुसरी बाजू आहे. कागद हरवल्याने न जाणारा हा हक्क दीर्घ गैरहजेरीने मात्र जाऊ शकतो. एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ अमेरिकेबाहेर राहिल्यास नुसते ग्रीन कार्ड परतीच्या प्रवासास पुरत नाही, मग ते खिशात सुरक्षित का असेना. काकूंचे वर्ष जानेवारीअखेर भरत होते आणि हाती जेमतेम अडीच महिने उरले होते. “घाई कशाची?” हा सल्ला घातक म्हटला तो यासाठी.

परदेशात कार्ड हरवल्यास

कार्ड अमेरिकेबाहेर असताना हरवले, चोरीस गेले अथवा नष्ट झाले, आणि बाहेर राहून एक वर्ष झालेले नाही, अशा प्रवाशासाठी ‘आय-१३१ए’ नावाचा अर्ज आहे. अमेरिका सोडण्यापूर्वी पुनःप्रवेशाचा परवाना काढून निघालेला असेल व तो परवाना हरवला, तर ही मर्यादा दोन वर्षांची. अर्जाची फी अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवा खात्याच्या संकेतस्थळावर आधी भरावयाची, तिची पावती घ्यावयाची आणि मग वेळ ठरवून जवळच्या अमेरिकन वकिलातीत स्वतः हजर व्हावयाचे. हा अर्ज टपालाने चालत नाही, की मुलाने तिकडून आपल्या वतीने केलेला चालत नाही. भारतात दिल्ली येथे राजदूतावास असून मुंबई, चेन्नई, कोलकाता व हैदराबाद येथे वकिलाती आहेत. फीची रक्कम मधूनमधून बदलते, म्हणून ती येथे देत नाही. भरण्याच्या दिवशी संकेतस्थळावरच पाहावी.

सोबत न्यावयाचे कागद येणेप्रमाणे: पासपोर्ट, छायाचित्र, भरलेला अर्ज व फीची पावती, कायम रहिवासी असल्याचा जो मिळेल तो पुरावा, म्हणजे कार्डाची नक्कल किंवा निदान ‘ए’ क्रमांक, अमेरिकेतून शेवटचे केव्हा निघालो याचा पुरावा, म्हणजे तिकीट, बोर्डिंग पास अथवा पासपोर्टावरील शिक्का, आणि चोरी झाली असल्यास पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत. अर्ज मान्य झाला की पासपोर्टात एक पत्रक चिकटवून देतात. ते दाखविले म्हणजे विमान कंपनी प्रवाशास बसवून घेते. हे पत्रक एका प्रवासापुरते असते व त्याची मुदत साधारणतः तीस दिवसांपर्यंतच असते. म्हणून तिकिटाची तारीख त्या बेताने ठरवावी. हे पत्रक म्हणजे नवे कार्ड नव्हे. नव्या कार्डासाठी तिकडे पोहोचल्यावर ‘आय-९०’ हा निराळा अर्ज करावा लागतो.

पासपोर्टही त्याच पिशवीत गेला असेल तर क्रम बदलतो. आधी पोलिसांत तक्रार, मग पासपोर्ट सेवा केंद्रातून नवा पासपोर्ट, आणि त्यानंतर वकिलात. कारण पत्रक चिकटवावयाचे ते पासपोर्टातच.

काकूंच्या बाबतीत कार्डाची नक्कल घरात नव्हती. त्या रात्री मुलास फोन लावला. त्याने विम्याच्या कामासाठी पूर्वी आईच्या कार्डाची दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवली होती. ती पाच मिनिटांत आली. परतल्याचा शिक्का पासपोर्टात होताच. रेल्वे पोलिसांच्या चौकीत तक्रार नोंदवून तिची प्रत घेतली. अर्ज मी शाळा सुटल्यावर दोन संध्याकाळी बसून भरून दिला. त्यातील प्रत्येक वाक्याचा अर्थ काकूंना मराठीत सांगितला आणि मगच त्यांची सही घेतली. ज्याच्यावर आपण सही करतो ते आपणांस समजलेच पाहिजे. मुलगा कितीही शिकलेला असो, उत्तरे खिडकीसमोर आपल्यालाच द्यावयाची असतात.

मुदत संपलेले कार्ड

आता हरवलेले नव्हे, तर मुदत उलटलेले कार्ड. येथे दोन प्रकारांत गल्लत करू नये.

पहिला प्रकार दहा वर्षांच्या मुदतीच्या कार्डाचा. कार्डाची तारीख उलटली असली, पण प्रवासी वर्षाच्या आत परतत असेल, तर अमेरिकेच्या सीमा खात्याच्या नियमांप्रमाणे विमान कंपनीस त्याला निराळ्या पत्रकावाचून नेता येते. मात्र हा नियम प्रत्येक खिडकीवरील माणसास ठाऊक असतोच असे नाही. म्हणून प्रवासाच्या पुष्कळ आधी विमान कंपनीस लिहून विचारावे आणि तिचे लेखी उत्तर जवळ बाळगावे. याहून चांगला मार्ग म्हणजे अमेरिकेत असतानाच नूतनीकरणाचा अर्ज करणे. सप्टेंबर २०२४पासून या अर्जाच्या पोचपावतीने जुन्या कार्डाची मुदत ३६ महिने वाढते. मुदतबाह्य कार्ड आणि ती पावती अशी जोडी प्रवासास चालते. पावती मात्र मूळची जवळ हवी, मुलाच्या टेबलाच्या खणात नको.

दुसरा प्रकार दोन वर्षांच्या मुदतीच्या कार्डाचा. विवाह होऊन दोन वर्षे होण्यापूर्वी जोडीदाराच्या नात्याने रहिवास मिळाला असेल तर असे सशर्त कार्ड देतात. येथे मी वर सांगितलेला नियम लागू नाही. मुदत संपण्याच्या आधीच्या ९० दिवसांत शर्त काढून टाकण्याचा अर्ज केला नाही, तर येथे कार्डाबरोबर हक्कही संपतो. आपल्या ज्या मुली लग्न होऊन तिकडे गेल्या आहेत, त्यांनी आणि त्यांच्या आईबापांनी ही गोष्ट अवश्य ध्यानी ठेवावी. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते, दिवस कसे जातात कळत नाही, आणि तारीख उलटून जाते. असे होऊ देऊ नये.

अमेरिकेत असतानाच कार्ड हरवले आणि तातडीने इकडे यावयाचे असेल तर? तर आधी ‘आय-९०’ अर्ज करावा आणि तेथील स्थानिक कार्यालयातून पासपोर्टात रहिवासाचा तात्पुरता शिक्का मारून मागावा. हा शिक्का जास्तीत जास्त वर्षभर कार्डाच्या ठिकाणी चालतो. शिक्का न घेता निघणे म्हणजे जाताना दार ओढून घ्यावे आणि किल्ली आत विसरावी, तसे आहे. आणखी एक गोष्ट: अठरा वर्षांवरील रहिवाशाने तेथे असताना कार्ड सदैव जवळ बाळगावे, असा त्या देशाचा कायदाच आहे.

वर्ष उलटून गेल्यास

वर्ष उलटून गेले आणि पुनःप्रवेशाचा परवानाही नाही, तर ‘परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा’ मागावा लागतो. त्याचे सरकारी नाव ‘एसबी-१’. त्यासाठी अर्जदाराने दाखवावे लागते की, निघताना आपण कायम रहिवासी होतो, परतण्याचा आपला इरादा होता व तो कधी सुटला नाही, आणि मुक्काम लांबला तो आपल्या हाती नसलेल्या कारणाने. रुग्णालयाचे कागद, डॉक्टरांचे दाखले, रद्द झालेली तिकिटे अशा वेळी उपयोगी पडतात. हे मान्य झाल्यावरही वैद्यकीय तपासणीसह व्हिसाची बहुतेक सारी वाट पुन्हा चालावी लागते. मार्ग आहे, पण तो लांब व खर्चाचा आहे, आणि यश खात्रीचे नाही.

यास्तव ज्यांना वर्षाहून अधिक राहावे लागेल अशी शंका असेल, त्यांनी निघण्यापूर्वी पुनःप्रवेशाचा परवाना मागावा. त्याचा अर्ज अमेरिकेत हजर असतानाच करावा लागतो. तो सामान्यतः दोन वर्षे चालतो. इकडे येऊन मग त्याची आठवण झाली तर उपयोग नाही.

आपल्याकडे एक समजूत फार पसरलेली आहे: दर सहा महिन्यांनी तिकडे पाय लावून आले की कार्ड शाबूत राहते. ही समजूत बरोबर नाही. १८० दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास परतताना अधिक बारकाईने चौकशी होऊ शकते, हे खरे. पण त्याहून कमी दिवसांतही अधिकारी विचारू शकतो की, आपले खरे घर कोठे आहे? तिकडे राहते घर, बँकेचे खाते, कराचा हिशेब, कुटुंब असे काही आहे, की माणूस इकडेच नांदतो आणि कार्डापुरता तिकडे जातो? दिवसांचा हिशेब हा या मोठ्या प्रश्नाचा एक भाग आहे, सारा प्रश्न नव्हे.

तेव्हाच आणखी एक सूचना. विमानतळावर एखादे वेळी ‘आय-४०७’ नावाचा कागद पुढे ठेवला जातो. त्यावर सही करणे म्हणजे आपण होऊन रहिवासाचा हक्क सोडणे. वृद्ध माणसे लांबच्या प्रवासाने थकलेली असतात, भाषा कळत नाही, आणि सही करून मोकळी होतात. ती सही करण्याची सक्ती नाही. “मला न्यायाधीशापुढे म्हणणे मांडावयाचे आहे,” असे नम्रपणे सांगण्याचा अधिकार रहिवाशास आहे. हे एक वाक्य इंग्रजीत लिहून पासपोर्टात ठेवावे, असे मी प्रत्येकास सांगतो.

इतर देशांची रीत

कॅनडाची तऱ्हा थोडी निराळी. तेथे मागील पाच वर्षांत मिळून ७३० दिवस प्रत्यक्ष वास्तव्य अपेक्षित असते. कार्ड हरवले वा मुदतबाह्य झाले तर बाहेरून ‘कायम रहिवाशाचा प्रवास-दस्तऐवज’ मागावा लागतो. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण कायम वास्तव्याची परवानगी सलग दोन वर्षांहून अधिक बाहेर राहिल्यास संपते. तेथे आता कार्डाऐवजी संगणकावरील ई-व्हिसाची पद्धत आली असून, जुन्या कार्डांपैकी बहुतेकांवरील तारीख ३१ डिसेंबर २०२४ ही होती. म्हणून तेथील आपल्या मंडळींनी आपले खाते उघडले आहे ना व त्यास चालू पासपोर्ट जोडला आहे ना, हे पाहावे.

ब्रिटनचाच एक धडा मात्र विसरण्यासारखा नाही. वेस्ट इंडीजकडील बेटांवरून १९४८नंतर तेथे गेलेल्या लोकांना १९७१च्या कायद्याने राहण्याचा हक्क दिला. परंतु हाती कागद दिला नाही. त्यांच्या आगमनाची जुनी कार्डे २०१०मध्ये सरकारी खात्यानेच नष्ट केली. पुढे पुरावा मागण्याचे दिवस आले, आणि जन्मभर तेथे कष्ट केलेल्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या. कित्येकांना बाहेर गेल्यावर परत येऊ दिले नाही. २०१८ साली याचा बोभाटा झाला, सरकारला माफी मागावी लागली, गृहमंत्र्यांना पद सोडावे लागले. ‘विंडरश प्रकरण’ म्हणतात ते हेच. हक्क खरा होता. पण पुरावा नसलेला खरा हक्कही माणसाला किती उघडा पाडतो, ते यावरून दिसते.

आपण काय करावे

फार काही नाही. कार्डाच्या दोन्ही बाजूंची आणि पासपोर्टाच्या सर्व शिक्क्यांच्या पानांची नक्कल काढावी. एक प्रत इकडे घरी, एक मुलाकडे. ‘ए’ क्रमांक घरातील डायरीत लिहावा. अमेरिका सोडल्याची तारीख कॅलेंडरवर लिहावी, आणि तिच्यापुढे पाच महिन्यांवर व दहा महिन्यांवर खूण करावी. जुना पासपोर्ट रद्द झाला म्हणून टाकून देऊ नये. बोर्डिंग पास जपून ठेवावा. आणि बाजारहाटास किंवा लग्नकार्यास जाताना ग्रीन कार्ड बरोबर नेऊ नये. भारतात त्याचा काही उपयोग नाही, ते कपाटातच बरे.

काकूंचे पुढे काय झाले, ते सांगून संपवितो. मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत त्यांच्यासोबत त्यांचा भाचा गेला. पत्रक मिळाले, आणि वर्ष भरण्यास तीन आठवडे असताना त्या परत पोहोचल्या. तिकडच्या विमानतळावर त्यांना विचारले गेले, “इतके दिवस का राहिलात?” त्यांनी भावाच्या आजारपणाचे कागद पुढे केले. नवे कार्ड पुढे काही महिन्यांनी आले.

जाण्याच्या आदल्या रात्री मात्र त्या मला म्हणाल्या, “मास्तर, कागद झाले. पण तो साहेब विचारील ना, तुमचं घर कुठलं? त्याला काय सांगू? घर तर हेच वाटतं.” मी त्यांना उत्तर पढविले नाही. इतकेच म्हटले, “काकू, खरे तेच सांगा, पण जाण्यापूर्वी ते स्वतःशी ठरवा.” त्या पुष्कळ वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “नातवंडं आहेत तिथेच राहायचं ठरवलंय. इथे यायचं ते माहेरपणाला.”

ज्यांचा निर्णय याच्या उलट असेल, त्यांना त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. ज्यांचे मन आणि संसार येथेच आहे, त्यांनी कायम रहिवासाचा हट्ट न धरता पाहुण्याचा व्हिसा घेऊन मुलांना भेटून यावे. ते अधिक सरळ व अधिक निश्चिंत. कोणताही मार्ग घ्या, पण जाणून घ्या.

दर शनिवारी सायंकाळी मी ट्रस्टच्या वाचनालयात असतो. कोणास कार्ड, पासपोर्ट अथवा अर्ज दाखवावयाचा असेल त्यांनी संकोच न करता यावे. कायद्याची गुंतागुंत असेल तेथे वकिलाकडेच पाठवीन. पण तारखा मोजणे आणि अर्जाचा अर्थ मराठीत सांगणे, एवढे शिक्षकाच्या हातचे काम आहे. ज्या ट्रस्टने माझ्या विद्यार्थ्यांच्या हाती पुस्तके दिली, त्याच्या महोत्सवास माझ्याकडून एवढीच भेट.